नवा राउटर घेण्याआधी प्रिंटरकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात एक लॅपटॉप आणि एक वायरलेस प्रिंटर. राउटर बाहेरच्या खोलीत, प्रिंटर आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. लॅपटॉप सहा वर्षांचा, प्रिंटर दोन वर्षांचा, राउटर इंटरनेट कंपनीने जोडणीबरोबर दिलेला. इंटरनेट ठीक चालतं, पण प्रिंटर दर दोन-तीन दिवसांनी ‘ऑफलाइन’ होतो आणि राउटर बंद करून चालू केला की परत येतो. एकाने मेश (घरभर एकच वाय-फाय पसरवणारा दोन-तीन डब्यांचा संच) घ्यायला सांगितलंय, दुसऱ्याने लॅपटॉपला यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लावायला. तुम्हाला एकदाच काय ते घ्यायचंय आणि हा त्रास संपवायचाय.

मी गेली सतरा वर्षं घरांमध्ये आणि लहान ऑफिसांमध्ये नेटवर्क बसवण्याचं काम करतो. ‘नेट स्लो आहे’ याच्या खालोखाल मी ऐकलेली तक्रार म्हणजे ‘प्रिंटर दिसत नाही’. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. लोक राउटर निवडतात लॅपटॉपकडे बघून आणि अडतात प्रिंटरपाशी. घरातल्या वाय-फायवरचं सगळ्यात नाजूक उपकरण प्रिंटर असतं. त्याला झेपेल असं नेटवर्क उभं केलं की लॅपटॉप त्यावर सुखाने चालतो. नुसतं लॅपटॉपसाठी उभं केलेलं नेटवर्क प्रिंटरला झेपेलच असं नाही.

प्रिंटर नाजूक का, ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावर बेतलेली आहे. घरगुती प्रिंटरमध्ये वाय-फायचा एक छोटासा रेडिओ आणि बहुधा एकच अँटेना असते. बऱ्याच प्रिंटरना फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. जोडणी बहुतेक वाय-फाय ४ ची, म्हणजे २००९ साली आलेल्या मानकाची. एक अँटेना आणि २० मेगाहर्ट्झचं चॅनल धरलं तर तिचा कागदावरचा कमाल वेग ७२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). छपाईला हा वेग मुबलक आहे. पानाचा डेटा काही एमबींचा असतो आणि तो पोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा शाईचं हेड कागदावरून फिरायलाच जास्त वेळ जातो. म्हणजे प्रिंटरला वेगवान राउटर देऊन काडीचाही फायदा नाही. त्याला हवा असतो न तुटणारा सिग्नल, न बदलणारा पत्ता आणि ओळखीची सुरक्षा-पद्धत. त्यात भर म्हणजे तो दिवसातले तेवीस तास झोपलेला असतो, आणि झोपेतून उठून नेटवर्कशी पुन्हा बोलायला लागणं हाच त्याचा सगळ्यात कच्चा दुवा आहे.

आता तुमच्या लक्षणाकडे येतो. राउटर बंद-चालू केल्यावर प्रिंटर परत येतो, ही फार बोलकी खूण आहे. सिग्नलच पोचत नसता तर राउटर बंद-चालू करून काही फरक पडला नसता. यामागे बहुतेक वेळा पत्त्याचा घोळ असतो. राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर क्रमांक, ठरावीक मुदतीसाठी देतो, अनेक राउटरमध्ये ही मुदत २४ तासांची असते. समजा लॅपटॉपवर प्रिंटर बसवला तेव्हा त्याचा पत्ता १९२.१६८.१.७ होता. मग वीज गेली, किंवा प्रिंटर दोन दिवस बंद राहिला. दरम्यान पाहुण्यांच्या फोनला ७ हा पत्ता मिळाला आणि प्रिंटर उठल्यावर त्याला १२ मिळाला. लॅपटॉप अजून ७ चंच दार वाजवतोय. दार उघडत नाही म्हणून पडद्यावर ‘ऑफलाइन’ येतं. प्रिंटर मात्र जागा असतो, त्याचा वाय-फायचा निळा दिवाही लागलेला असतो आणि माणूस चक्रावून जातो.

दुसरा प्रकार वीज गेल्यावरचा. वीज येते, प्रिंटर अर्ध्या मिनिटात तयार होतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. प्रिंटर पत्ता मागतो तेव्हा द्यायला कोणी नसतं, मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्याने छापलेल्या नेटवर्क अहवालात असा पत्ता दिसला, तर तो राउटरपर्यंत पोचलेलाच नाही असं समजा.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी आज संध्याकाळी एक करा. प्रिंटरच्या मेनूमध्ये वायरलेस किंवा नेटवर्कच्या भागात ‘नेटवर्क रिपोर्ट’ किंवा ‘वायरलेस टेस्ट रिपोर्ट’ असं काहीतरी असतं. तो छापा. त्यावर प्रिंटरचा आयपी पत्ता, मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक), कुठल्या नेटवर्कला जोडलाय आणि बऱ्याच मॉडेलांवर सिग्नलची ताकदही मिळते. सिग्नल डीबीएम या एककात दिला असेल तर आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे ७० ते ७५ म्हणजे काठावर. उणे ८० च्या पलीकडे कधी चालेल, कधी नाही, आणि कुठलीही सेटिंग बदलून ते सुधारणार नाही.

एका घरात हाच अहवाल छापून घेतला तेव्हा उणे ८१ आला होता. राउटर नवा आणि महागातला, प्रिंटर जेमतेम सहा मीटरवर. पण प्रिंटर ठेवला होता लोखंडी कपाटाच्या कप्प्यात, तिन्ही बाजूंनी पत्रा. तो बाहेर काढून दीड मीटरवरच्या लाकडी टेबलावर ठेवला आणि अहवाल पुन्हा छापला. उणे ६४. सतरा डेसिबलचा फरक, म्हणजे सिग्नलची शक्ती साधारण पन्नास पट. त्या घरात मी एकही वस्तू विकली नाही. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून दाखवले तेव्हा घरातल्या मुलीने पहिल्यांदा ते कपाट राउटरच्या नजरेने पाहिलं आणि मग बाकीची घरभरची जागाही तिनेच तपासली. पत्रा, आरसा, मासे पाळायची टाकी, टीव्हीची मागची बाजू, मायक्रोवेव्ह ओव्हनचा शेजार: या जागा राउटर आणि प्रिंटर दोघांनाही वाईट. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे नेमका प्रिंटरच्याच पट्ट्यात.

सिग्नल ठीक निघाला तर पुढचा उपाय फुकट आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवा. याला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ म्हणतात. मग प्रिंटर कितीही वेळा झोपून उठला तरी त्याचा पत्ता तोच. प्रिंटरमध्येच हाताने पत्ता भरण्यापेक्षा मी राउटरमध्ये राखून ठेवणं पसंत करतो. राउटर बदलला आणि पत्त्यांची मालिका बदलली, तर प्रिंटरमध्ये भरलेला जुना पत्ता आपल्याच लक्षात राहत नाही.

त्यानंतर विंडोजमधला प्रिंटर काढून टाका आणि त्या पत्त्यानेच नव्याने जोडा. विंडोज स्वतःहून प्रिंटर शोधते तेव्हा बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट (प्रिंटरपर्यंत पोचायची वाट) तयार करते. तो प्रिंटरला हाका मारून शोधत बसतो आणि घरातल्या वाय-फायवर त्या हाका अधूनमधून हरवतात. त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून राखलेला पत्ता द्या. त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी एक खूण असते, ती काढा. ही खूण असते तेव्हा विंडोज प्रिंटरला मधूनमधून हालहवाल विचारते आणि त्या भाषेत उत्तर आलं नाही की धडधाकट प्रिंटरला ‘ऑफलाइन’ ठरवते. इतक्या छोट्या चौकोनामुळे लोकांनी प्रिंटर बदललेले मी पाहिलेत, आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

एवढं करूनही त्रास राहिला, किंवा इंटरनेट कंपनीच्या राउटरमध्ये पत्ता राखण्याची सोयच नसेल (काहींमध्ये ती कुलूपबंद असते), तर नवा राउटर घेणं रास्त आहे. मग तो कसा निवडायचा?

खोक्यावरचा मोठा आकडा आधी बाजूला ठेवा. ‘एसी१२००’ म्हणजे २.४ च्या पट्ट्यावर ३०० आणि ५ च्या पट्ट्यावर ८६७, यांची बेरीज. ‘एएक्स३०००’ म्हणजे ५७४ अधिक २४०२. एक उपकरण एका वेळी एकाच पट्ट्यावर असतं, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्यातला २४०२ हा आकडा फक्त १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर मिळतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये इतकं रुंद चॅनल घ्यायचं तर ते रडारसाठी राखलेल्या भागात शिरतं. बऱ्याच देशांत नियम असा की तिथे रडारची चाहूल लागली तर राउटरने चॅनल सोडायचं आणि अशा नव्या चॅनलवर जाण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत थांबायचं. तुम्हाला मात्र ‘मधूनच वाय-फाय गेलं’ एवढंच जाणवतं. म्हणून ज्यांना भरवसा हवाय त्यांना मी ८० मेगाहर्ट्झ रुंदी आणि ३६ ते ४८ यांतलं चॅनल लावून देतो. त्यावर दोन अँटेनांच्या वाय-फाय ६ लॅपटॉपला कागदावर १२०१ एमबीपीएस मिळतात आणि त्याच्या निम्मे प्रत्यक्षात हाती येतात. घरात येणारं इंटरनेट बहुतेक वेळा त्याहूनही कमी असतं.

तुमच्या घराला दोन पट्ट्यांचा साधा वाय-फाय ६ राउटर पुरेसा आहे. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळू लागली आणि तंत्र उत्तम आहे, पण एक लॅपटॉप आणि एक प्रिंटर असलेल्या घरात त्याचं काम पडत नाही. ६ गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टा भिंतींपुढे लवकर दमतो, शिवाय तो डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा-पद्धतीशिवाय चालत नाही. तुमच्या दोन भिंतींपलीकडे तो कामाचा नाही आणि प्रिंटरला तर दिसणारही नाही.

मी राउटर पसंत करताना आधी त्याची माहितीपुस्तिका निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतो आणि तिच्यात काही गोष्टी शोधतो. खोक्यावर हे काही लिहिलेलं नसतं. पहिली गोष्ट अर्थातच पत्ता राखण्याची सोय. दुसरी, २.४ आणि ५ या पट्ट्यांना वेगळी नावं देता येतात का. आजकालचे राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि उपकरणाला हवं तसं इकडून तिकडे ढकलतात. लॅपटॉप आणि फोनला हे मानवतं. काही प्रिंटर मात्र या ढकलाढकलीत निघून जातात ते परत येत नाहीत. २.४ ला वेगळं नाव देऊन प्रिंटर त्यावर बसवला की हा प्रश्न मिटतो. लॅपटॉप ५ वर राहिला तरी छपाई होते, कारण दोन्ही पट्टे आतून एकाच नेटवर्कचे असतात. इथे एक सावधगिरी बाळगा. हल्ली राउटरमध्ये पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ आणि घरगुती उपकरणांसाठी ‘आयओटी’ अशी तयार नेटवर्कं मिळतात. ती अनेकदा मुख्य नेटवर्कपासून तोडलेली असतात. प्रिंटर तिथे बसवला तर लॅपटॉप त्याच्यापर्यंत पोचूच शकत नाही. ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ हा पर्याय चालू असला तरी तेच होतं.

तिसरी गोष्ट सुरक्षेची पद्धत निवडता येणं. डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं, पण आजही पुष्कळ प्रिंटरना डब्ल्यूपीए२ च कळतं. राउटरमध्ये दोन्हींचा मिश्र पर्याय हवा, आणि प्रिंटर त्यावरही अडखळला तर २.४ च्या पट्ट्यापुरतं नुसतं डब्ल्यूपीए२ एईएस लावता यायला हवं. प्रिंटर जुना आहे म्हणून डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या, कमकुवत पद्धतींकडे मात्र कधीही जाऊ नका. डब्ल्यूईपी २००१ पासून फुटलेलं आहे, आणि या दोन्हींवर वाय-फायचा वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. प्रिंटर जोडायला डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न भरता उपकरण जोडण्याच्या सोयीचं) बटण वापरलंत तर हरकत नाही, पण काम झालं की पिनवालं डब्ल्यूपीएस बंद करा. ती पिन आठ आकड्यांची असते, म्हणून दहा कोटी शक्यता वाटतात. पण राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ती सापडते. हे २०११ मध्येच उघड झालंय.

चौथी गोष्ट केबलची पोर्टं गिगाबिटची आहेत का. वर ‘१२००’ आणि मागे १०० एमबीपीएसची पोर्टं असे राउटर अजून विकले जातात.

आणि पाचवी, जी मला सगळ्यात मोलाची वाटते: निर्माता सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं देतो आणि ते आपोआप बसतात का. राउटर हा घराच्या दारावरचा पहारेकरी असतो. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक सॉफ्टवेअरने ५४ देशांत किमान पाच लाख राउटर आणि साठवणुकीची उपकरणं बाधित केली होती, आणि अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद-चालू करायला सांगितलं होतं. ज्या मॉडेलला दोन वर्षांत एकही अपडेट आलेला नाही, ते कितीही स्वस्तात मिळालं तरी मी घेत नाही. निर्मात्याच्या सपोर्टच्या पानावर प्रत्येक अपडेटची तारीख असते, ती यादी वाचायला पाच मिनिटं लागतात. ते मॉडेल ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरच्या यादीत असेल तर आणखी चांगलं. कंपनीने हात झटकले तरी राउटरला पुढे आयुष्य उरतं.

अँटेनांची संख्या, रंगीत दिवे आणि ‘गेमिंग’ हा शब्द यांचा तुमच्या गरजेशी संबंध नाही.

आता मेशबद्दल. घर एकाच मजल्यावर, मध्ये दोन भिंती, आणि प्रिंटरच्या अहवालात उणे ७० च्या अलीकडचा सिग्नल असेल तर मेश घेऊ नका. प्रत्येक जादा डबा म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू. दोन मजले, जाड दगडी किंवा काँक्रीटच्या भिंती, लांबलचक घर असेल तेव्हा मेश खरंच कामाला येतं, आणि तेव्हाही दोन डब्यांमध्ये केबल ओढता आली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. साधा रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. प्रिंटरला वेगाचं काही नाही, पण काही रिपीटर आपल्यामागच्या उपकरणाचा मॅक पत्ता बदलून राउटरला दाखवतात. मग तुम्ही राखलेला पत्ता प्रिंटरला मिळतच नाही, आणि कारण शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

मेश किंवा नवा राउटर, दोन्हींत एक सापळा सारखाच आहे आणि तो मला दर महिन्याला भेटतो. मागे एका कुटुंबाने नवा मेश संच आणला, सगळं ॲपमध्ये सांगितल्यासारखं केलं, इंटरनेट छान पळायला लागलं आणि त्या दिवसापासून प्रिंटर कायमचा बेपत्ता. मी लॅपटॉपचा पत्ता पाहिला: १९२.१६८.०.१४. प्रिंटरने छापलेल्या अहवालावर होतं १९२.१६८.१.२३. शेवटून दुसरा आकडा वेगळा, म्हणजे घरात दोन नेटवर्कं होती. प्रिंटर इंटरनेट कंपनीच्या जुन्या राउटरच्या वाय-फायला चिकटून राहिला होता आणि लॅपटॉप नव्या संचाच्या आत. दोघांमध्ये भिंत घातली होती त्या नव्या संचानेच. जुन्या राउटरचं वाय-फाय बंद केलं आणि प्रिंटर नव्या नेटवर्कवर घेतला, की काम झालं. तुम्ही नवा राउटर लावाल तेव्हा दोनपैकी एक करा. इंटरनेट कंपनीकडून त्यांचा राउटर ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्या, म्हणजे पत्ते फक्त तुमचा राउटर देईल. ते जमत नसेल तर तुमचा नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर, म्हणजे नुसतं वाय-फाय पसरवण्यापुरता, चालवा आणि जुन्याचं वाय-फाय बंद करा. या दुसऱ्या प्रकारात पत्ते जुनाच राउटर देतो, तेव्हा राखीव पत्त्याची सोय त्याच्यात हवी. ती नसेल तर प्रिंटरमध्ये हाताने पत्ता भरण्याला पर्याय उरत नाही. नवा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालतो का, हेही त्या पुस्तिकेत आधीच बघून ठेवा.

लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टर लावायचा सल्ला तुमच्या बाबतीत मला पटत नाही. सहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही पट्ट्यांचं वाय-फाय ५ कार्ड असण्याची दाट शक्यता आहे आणि ते पुरेसं आहे. आधी त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ताजा करा. हे राउटर घेण्याआधीच करा, कारण इंटेलच्या काही कार्डांना ड्रायव्हर जुना असेल तर वाय-फाय ६ चं नेटवर्क यादीत दिसतच नाही, आणि लोक नवाकोरा राउटर सदोष समजून परत करतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, ती काढा.

कार्ड खरंच बिघडलेलं असेल तर मी आतलं कार्ड बदलायला सांगेन. इंटेल एएक्स२१० हे कार्ड एम.२ खाच असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बसतं. नावात जवळ असलेली एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं मात्र इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतात, तेव्हा आकडा नीट वाचून घ्या. काही लॅपटॉपचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) फक्त ठरलेली कार्डंच स्वीकारतं, तेही आधी विचारून घ्या. यूएसबी अडॅप्टरशिवाय गत्यंतरच नसेल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टात थेट खोचू नका. यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. अडॅप्टर हातभर लांबीच्या जोडवायरवर ठेवला की फरक लगेच दिसतो.

सगळ्यात भरवशाचा उपाय मुद्दाम मागे ठेवला, कारण तो पुष्कळांना चालत नाही. प्रिंटरच्या मागे नेटवर्क केबलची खाच असेल आणि तो राउटरच्या शेजारी हलवता येत असेल, तर हलवा आणि केबल लावा. लॅपटॉप वायरलेसच राहील, छपाई घरात कुठूनही करता येईल, फक्त प्रिंटर हवेवर अवलंबून राहणार नाही. गेल्या अनेक वर्षांत केबलवर बसवलेल्या एकाही प्रिंटरसाठी मला सिग्नलच्या कारणाने पुन्हा जावं लागलेलं नाही. पुढे कधी प्रिंटर बदललात तर ही खाच, दोन्ही पट्ट्यांचं वाय-फाय, आणि एअरप्रिंट किंवा मोप्रिया या छपाईच्या पद्धतींपैकी निदान एक, एवढं पाहून घ्या. या पद्धतींना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलंय की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं ते टप्प्याटप्प्याने थांबवणार आहेत, त्यामुळे विनाड्रायव्हर छापणारा प्रिंटर जास्त वर्षं साथ देईल.

आणखी एक, राउटरला दोष देण्याआधी त्याच्या वीज अडॅप्टरकडे बघा. तीन-चार वर्षांनी अडॅप्टर म्हातारा होतो, पुरेसा प्रवाह देत नाही, आणि भार वाढला की राउटर मध्येच अडकतो किंवा स्वतःहून पुन्हा सुरू होतो. राउटरवर लिहिलेल्या व्होल्टेजचाच, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तशाच पिनेचा दुसरा अडॅप्टर आठवडाभर लावून पाहा. व्होल्टेज मात्र तंतोतंत जुळायला हवं.

नवा राउटर आलाच तर तो जमिनीवर किंवा कपाटामागे नको, घराच्या शक्य तितक्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवा. बाहेर अँटेना असतील तर उभ्या ठेवा, त्यांचा सिग्नल आडव्या दिशेने पसरतो. २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ यांतलंच ठेवा, कारण २० मेगाहर्ट्झच्या रुंदीत हीच तीन एकमेकांवर चढत नाहीत. शेजाऱ्यांची गर्दी कुठे कमी आहे ते फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझरमध्ये दिसेल. रुंदी २० वरच ठेवा. ४० केल्याने प्रिंटरला काही मिळत नाही, शेजाऱ्यांशी भांडण मात्र वाढतं. २.४ च्या पट्ट्यावर वाय-फाय ६ चालू असताना प्रिंटर जोडलाच जात नसेल, तर फक्त त्या पट्ट्यावर ते बंद करून बघा.

मग परीक्षा घ्या, आणि ती वस्तू परत करण्याच्या मुदतीत घ्या. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून प्रिंटरच्या राखलेल्या पत्त्याला ‘पिंग’ या आज्ञेने हाक मारा, आणि शेवटी ‘वजा टी’ हा पर्याय जोडा म्हणजे ते थांबणार नाही. दहा मिनिटं चालू द्या. सुरुवातीची एखाद-दोन उत्तरं उशिरा येतील, प्रिंटर जागा होत असतो. त्यानंतर उत्तरं साधारण एक आकडी किंवा दोन आकडी मिलिसेकंदांत येत राहिली आणि शंभरात एखादंच हुकलं तर ठीक. दर दहात एक हुकत असेल तर जागा किंवा चॅनल बदलून पुन्हा मोजा. त्यानंतर राउटर आणि प्रिंटर दोघांचीही वीज एकदमच बंद करा, पाच मिनिटांनी एकदमच चालू करा आणि कशालाही हात न लावता दहा मिनिटांनी एक पान छापा. शेवटी प्रिंटर रात्रभर झोपू द्या आणि सकाळी लॅपटॉप उघडल्या उघडल्या, आधी प्रिंटरजवळ न जाता, वीस पानांची एक फाइल पाठवा. पहिलं पान मिनिटभरात बाहेर आलं आणि विसावं पान न अडखळता पडलं, तर खोकं टाकून द्यायला हरकत नाही.